अविकारी दया : ख्रिस्ती श्रद्धेतील ईश्वरस्वरूपाविषयी

ख्रिस्ती लोकांचा देव सगुण की निर्गुण, असा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात प्रथम उभा राहावा हे स्वाभाविक आहे. कारण आपल्याकडील ईश्वरविषयक चिंतन, मग ते मठातील असो वा वारीच्या वाटेवरील असो, शतकानुशतके याच दोन शब्दांच्या आश्रयाने वाढत आले आहे. परंतु हा प्रश्न ख्रिस्ती धर्मशास्त्रापुढे ठेवला असता त्याचे उत्तर एका पदात मिळत नाही. देव अशरीरी आहे, त्याची प्रतिमा घडविता येत नाही, स्थळ आणि काळ यांची हद्द त्याला लागू नाही, असे सांगणारे हे शास्त्र, तोच देव बोलतो, ऐकतो, करार करतो, कोपतो आणि क्षमा करतो, असेही तितक्याच निःसंदिग्धपणे सांगते. आणि ही दोन्ही प्रकारची विधाने, ज्यांपैकी पहिली तत्त्वज्ञाच्या आणि दुसरी भक्ताच्या मुखी अधिक शोभावीत, रविवारच्या एकाच उपासनेत, पुष्कळदा एकाच प्रार्थनेत, शेजारी शेजारी उच्चारली जातात. त्यांचा परस्परसंबंध काय, हे उमगल्याशिवाय ख्रिस्ती ईश्वरकल्पनेत खऱ्या अर्थाने प्रवेश होत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तो संबंध असा आहे की, अनंत, नित्य, अविकारी, सर्वज्ञ, सर्वव्यापी ही जी भव्य आणि काहीशी शीतल वाटणारी विशेषणे आहेत, ती सर्व देवाच्या दयेला जामीन राहिलेली आहेत.

या दयेचा अत्यंत ठळक उच्चार जुन्या करारातील निर्गम या ग्रंथाच्या 34 व्या अध्यायात आला आहे, आणि तो कोणत्या प्रसंगी आला हे लक्षात घेण्याजोगे आहे. मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटलेले इस्राएल लोक सीनाय पर्वताच्या पायथ्याशी उतरलेले असतात. मोशे पर्वतावर गेलेला असतो. त्याला परत यावयास विलंब लागतो तेव्हा लोकांचा धीर सुटतो, ते अहरोनाकडून सोन्याचे वासरू करवून घेतात आणि त्यालाच आपला मुक्तिदाता मानून उत्सव मांडतात. करार होऊन शाई वाळलेली नाही तोच तो मोडला गेला. मोशे संतापाने दगडी पाट्या फोडून टाकतो, आणि पुढे, नव्या पाट्या घेऊन पुन्हा पर्वतावर चढण्यापूर्वी, देवाचे तेज आपणास पाहावयास मिळावे अशी मागणी करतो. ती मागणी जशीच्या तशी मान्य होत नाही. देवाचे मुख पाहून मनुष्य जिवंत राहत नाही, असे त्याला सांगण्यात येते. मग खडकाच्या कपारीत उभ्या राहिलेल्या त्या माणसासमोरून देव जातो आणि आपले नाव आपणच घोषित करतो: आपण दयाळू आहोत, राग यावयास आपल्याला वेळ लागतो, आपली ममता आणि सचोटी हजारो पिढ्यांना पुरणारी आहे, आपण अपराधाची क्षमा करतो, तथापि अन्यायाकडे डोळेझाक करीत नाही, असा त्या घोषणेचा आशय आहे. काही काळापूर्वीच समुद्र दुभंगल्याची कथा या ग्रंथात येऊन गेली असतानाही येथे सामर्थ्याचा उच्चार नाही. रूप पाहू इच्छिणाऱ्याला शील ऐकविण्यात आले, आणि तेही नुकताच विश्वासघात केलेल्या लोकांच्या प्रतिनिधीला.

यहुदी परंपरा या घोषणेत देवाचे 13 गुण मोजते आणि आपल्या प्रायश्चित्ताच्या प्रार्थनांत त्यांचे पठण करते. बायबलातही तिचे पडसाद वारंवार ऐकू येतात. त्यांतील सर्वांत विलक्षण पडसाद योना या संदेष्ट्याच्या पुस्तकात आहे. निनवे हे शत्रूचे, क्रौर्याबद्दल कुप्रसिद्ध असे नगर पश्चात्ताप करते आणि देव त्याचा नाश टाळतो, तेव्हा योना रुष्ट होऊन देवासमोर गाऱ्हाणे मांडतो, आणि त्या गाऱ्हाण्याचा मुद्दा हाच की, तू दयाळू आणि मंदक्रोध आहेस हे मला आधीपासून ठाऊक होते, म्हणूनच मी पळून गेलो होतो. देवाचे गुण पाठ असूनही ते आपल्या वैऱ्याला लागू पडू नयेत असे वाटणारा हा भक्त पाहिला म्हणजे, गुणांचे ज्ञान आणि देवाची ओळख या दोन गोष्टींत किती अंतर असू शकते याची जाणीव होते.

पुढील काळात गुणांची जी व्यवस्थित मांडणी झाली, तिची बीजे शास्त्रात विखुरलेली होतीच. मलाखीच्या पुस्तकात देव आपण बदलत नाही असे सांगतो. 90 वे स्तोत्र त्याला पर्वतांच्याही पूर्वीचा म्हणते. 139 व्या स्तोत्रात, आकाशात चढले अथवा अधोलोकात अंथरूण टाकले तरी ज्याच्यापासून पळता येत नाही, अशा सर्वसाक्षीचे वर्णन आहे. परंतु या विखुरलेल्या उक्तींना शास्त्राचे रूप आले ते ख्रिस्ती धर्माची गाठ अलेक्झांड्रिया, अँटिओक, कार्थेज अशा नगरांतून ग्रीक तत्त्वज्ञानाशी पडल्यानंतर. या भेटीविषयी टोकाची मते आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आडोल्फ हार्नाक या जर्मन इतिहासकाराने असे प्रतिपादन केले की, साध्या सुवार्तेवर ग्रीक तत्त्वज्ञानाची पुटे चढून सिद्धान्त निर्माण झाले. आणि त्याच्या कितीतरी आधी, 1654 च्या नोव्हेंबरातील एका रात्री आलेल्या अनुभवाची टिपणी ब्लेझ पास्कालने कागदावर केली व तो कागद आपल्या अंगरख्यात शिवून ठेवला, त्यातही अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचा देव आणि तत्त्वज्ञांचा देव यांत त्याने स्पष्ट भेद केला आहे. पास्कालच्या उत्कटतेविषयी मला नितांत आदर आहे. तरीही हा भेद अर्धाच खरा आहे असे मला वाटते. 1647 साली सिद्ध झालेली वेस्टमिन्स्टरची 107 प्रश्नांची लघुप्रश्नोत्तरी घ्या. देव म्हणजे काय, या तिच्या चौथ्या प्रश्नाच्या उत्तराची रचना पाहण्यासारखी आहे: देव आत्मा आहे असे सांगून ती अनंत, नित्य आणि अविकारी ही तीन विशेषणे घेते, आणि ती अस्तित्व, ज्ञान, सामर्थ्य, पावित्र्य, न्याय, चांगुलपणा व सत्य या सात नामांना जोडते. म्हणजे अनंतत्व हा स्वतंत्र गुण म्हणून उभा नाही. चांगुलपणा अनंत आहे, न्याय नित्य आहे, सत्य अविकारी आहे, असे तेथे म्हणावयाचे आहे. त्या सात नामांत प्रीतीचे नाव नाही, ही उणीव मला नेहमीच खुपत आली आहे. परंतु वाक्याची घडण बिनचूक आहे. तत्त्वज्ञांची विशेषणे संदेष्ट्यांच्या नामांची सेवा करतात.

ही विशेषणे केवळ वादासाठी जन्मली नाहीत, तर माणसांना ती जीवनमरणाच्या प्रश्नासारखी भासली, हे पाहावयाचे असेल तर ऑगस्टीनकडे वळावे. इ. स. 354 मध्ये उत्तर आफ्रिकेतील ठगस्ते गावी जन्मलेला हा बुद्धिमान तरुण सुमारे नऊ वर्षे मानी नावाच्या धर्मसंस्थापकाच्या पंथात राहिला, आणि त्या पंथाचा वीट आल्यावरही त्याची एक अडचण सुटेना: जे अवकाश व्यापीत नाही, ते आहे असे कसे म्हणावे? 'कन्फेशन्स' या आपल्या आत्मनिवेदनाच्या सातव्या भागात तो सांगतो की, त्या काळी तो सर्व सृष्टीला एका प्रचंड स्पंजासारखी आणि देवाला तिला सर्व बाजूंनी वेढून तिच्यात मुरलेल्या अपार समुद्रासारखा कल्पीत असे. कल्पना भव्य होती, पण तिच्यातील दोष पुढे त्याच्याच ध्यानात आला: देव जर अशा रीतीने पसरलेला असेल, तर चिमणीपेक्षा हत्तीच्या वाट्याला देवाचा अधिक अंश आला पाहिजे! मिलान येथे प्लेटोच्या अनुयायांचे ग्रंथ वाचून त्याला असे उमजले की, देवाची व्यापकता पसरण्याची नव्हे. तो प्रत्येक ठिकाणी संपूर्णपणे आहे, अंशाने कोठेच नाही. आता या निष्कर्षाकडे केवळ तत्त्वज्ञानाचा विजय म्हणून पाहता येईल. परंतु पित्याच्या नकळत एकही चिमणी भूमीवर पडत नाही, अशी जी येशूची शिकवण मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, तिच्याशेजारी तो ठेवून पाहावा. देव जर अंशाअंशाने वाटला गेला असता, तर क्षुद्र जीवाला त्याचे क्षुद्र अवधान मिळाले असते. सर्वव्यापित्वाच्या या सूक्ष्म विवेचनामुळेच, चिमणीला जे मिळते ते संपूर्ण देवाचे संपूर्ण लक्ष होय, असे म्हणता येते.

नित्यत्वाचेही तसेच. राजा थिओडोरिकच्या दरबारी उच्च पदावर असलेला बोएथियस राजद्रोहाच्या आरोपावरून कैदेत पडला आणि सुमारे 524 साली त्याला देहान्ताची शिक्षा झाली. बंदिवासात लिहिलेल्या त्याच्या ग्रंथात असा विचार आहे की, नित्यत्व म्हणजे अंत नसलेला लांबच लांब काळ नव्हे, तर अमर्याद जीवन एकाच वेळी समग्रपणे आपल्यापाशी असणे. आपल्या आयुष्याचा काल निसटलेला असतो आणि उद्या हाती आलेला नसतो. देवाचे काहीच निसटत नाही. यावरून तो सर्वज्ञतेच्या कूटप्रश्नाची उकल करू पाहतो: देवाला माझे उद्याचे कृत्य आजच ठाऊक असेल तर ते करण्यावाचून मला गत्यंतर उरते काय? देव ते आधी जाणत नाही, तो ते घडतानाच पाहतो, आणि पाहण्याने पाहिलेल्या गोष्टीवर सक्ती होत नाही, असे त्याचे उत्तर आहे. ते सर्वांचे समाधान करू शकलेले नाही. परंतु अन्यायाने मरणाच्या दारी उभ्या केलेल्या माणसाने ते शोधले, ही गोष्ट विसरता येत नाही.

गुणविचाराचा सर्वांत दुर्बोध आणि माझ्या मते सर्वांत मौल्यवान भाग यापुढेच येतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या महाग्रंथात देवाचे अस्तित्व सिद्ध केल्यानंतर, तो दयाळू आहे की सर्वशक्तिमान आहे हे सांगण्यापूर्वी, तो निरवयव आहे हे सिद्ध करावयास घेतले. आणि त्या विवेचनाच्या आरंभीच त्याने वाचकाला बजावले की, देव काय आहे हे आपल्याला कळू शकत नाही, तो काय नाही एवढेच कळू शकते. निरवयव म्हणजे ज्याला भाग नाहीत असा, आणि भाग नाहीत म्हणजे केवळ हातपाय नाहीत एवढेच नव्हे. मनुष्य दयाळू असतो तेव्हा त्याचे मनुष्यत्व एक आणि त्याला लाभलेला दयाळूपणा ही दुसरी गोष्ट असते. दयाळूपणा नाहीसा झाला तरी मनुष्य शिल्लक राहतो, आणि तसा तो राहिलेला आपण दुर्दैवाने पुष्कळदा पाहतो. देवाच्या ठायी असे दोनपण नाही. त्याच्याजवळ दया आहे असे म्हणण्यापेक्षा जे त्याचे असणे तीच त्याची दया, जी दया तोच न्याय आणि जो न्याय तेच ज्ञान, असे म्हणावे लागते. सूर्यप्रकाश लोलकातून गेल्यावर आपल्याला रंग वेगवेगळे दिसतात, तद्वत ही एकच सत्ता आपल्या परिमित बुद्धीतून जाताना आपल्याला निरनिराळ्या गुणांच्या रूपाने प्रतीत होते.

हा सिद्धान्त ऐकून सामान्य वाचक म्हणेल की, हा शब्दांचा खेळ झाला. परंतु त्याचा व्यावहारिक परिणाम पाहा. देवाच्या ठायी न्याय आणि दया ही दोन निरनिराळी खाती असून, एका खात्यातून शिक्षेचा हुकूम सुटतो आणि दुसऱ्यातून माफीचा, आणि आपला कागद कोणत्या मेजावर जाईल यावर आपले भवितव्य अवलंबून आहे, अशी जी भीती श्रद्धावान माणसाच्या मनात घर करून राहते, तिचे मूळच या विचाराने उखडले जाते. देवाचा कोप हादेखील त्याच्या चांगुलपणाचेच वाइटाशी भिडलेले रूप ठरतो. या मतावर आक्षेपही थोर विचारवंतांनी घेतले आहेत. 1980 साली अल्विन प्लांटिंगा या अमेरिकन तत्त्वज्ञाने असा प्रश्न उपस्थित केला की, देव आणि त्याचा गुण जर एकच असतील तर देव हा केवळ एक गुण ठरेल, आणि गुण कधी कोणावर प्रीती करीत नाही. आक्षेप तीक्ष्ण आहे. त्यावरचा परंपरेचा प्रतिवाद असा की, मनुष्याला लावलेला शब्द देवाला लावताना तो अगदी त्याच अर्थाने लावलेला नसतो आणि अगदी भिन्न अर्थानेही नसतो. 1215 च्या चौथ्या लॅटेरन परिषदेने तर असे ठरवून दिले आहे की, निर्माता आणि निर्मित यांच्यात जेथे जेथे साम्य दाखवावे तेथे तेथे त्याहून मोठे वैषम्य मानावे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेने चौदाव्या शतकातील ग्रेगरी पालामास याला अनुसरून वेगळी वाट धरली: देवाचे मूळ तत्त्व सर्वस्वी अज्ञेय, परंतु त्याच्या शक्ती, ज्या खरोखर देवच आहेत, त्या मनुष्याला अनुभवास येतात.

सर्वसामर्थ्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण त्यासंबंधीचे बहुतेक कूटप्रश्न शब्दांचे असतात. देव असत्य बोलू शकत नाही, दिलेले वचन मोडू शकत नाही, हे त्याच्या सामर्थ्याचे न्यून नव्हे. कारण असत्य आणि वचनभंग ही दुर्बलतेचीच लक्षणे आहेत. महत्त्वाची गोष्ट क्रमाची आहे. प्रेषितांच्या मतांगीकारात देवाला प्रथम पिता म्हटले आहे आणि मग सर्वसमर्थ. आणि 1579 साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने 1616 मध्ये रायतूर येथे छापलेल्या आपल्या मराठी ख्रिस्तपुराणाचा आरंभ ज्या वंदनाने केला आहे, त्यातही विश्व भरून राहिलेला, बाप आणि सर्वसमर्थ ही संबोधने अशीच एकत्र आली आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकात काशीच्या विद्वत्परंपरेत वाढलेले आणि 1848 साली ख्रिस्ती झालेले पंडित नीलकंठशास्त्री गोरे यांनी आपल्या 'षड्दर्शनदर्पण' या हिंदी ग्रंथात निर्गुण ब्रह्मावर जो आक्षेप घेतला, त्याचा रोख हाच होता की, जे कोणाला जाणत नाही आणि काही इच्छीत नाही, त्याच्याशी उपासकाचे नाते जडणार कसे. वेदान्ताचे अभ्यासक त्यावर समर्थ उत्तर देतात हे मी जाणतो; परंतु ख्रिस्ती मनाला काय हवे असते हे शास्त्रीबुवांनी अचूक ओळखले होते.

आणि येथेच त्रैक्याचा प्रश्न उद्भवतो. देव एक आहे आणि तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा त्रिव्यक्ती आहे, हा ख्रिस्ती धर्माचा सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण आणि बाहेरच्यांना सर्वांत अनाकलनीय वाटणारा सिद्धान्त. तो गणिताचे कोडे म्हणून जन्मला नाही. चौथ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रियातील एरियस नावाच्या धर्मोपदेशकाने देवाचे एकत्व निष्कलंक राखण्याच्या हेतूनेच असे शिकविले की, पुत्र कितीही थोर असला तरी तो निर्माण केलेला आहे, अनादी नव्हे. बादशहा कॉन्स्टंटाईन याने 325 साली निसीया येथे बोलाविलेल्या धर्मपरिषदेने हे मत फेटाळले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचा निर्णय दिला. परंतु निर्णयानंतरही अर्धशतक वाद धुमसत राहिला, आणि निसीयाच्या पक्षाचा धुरंधर अथानासियस याला बिशपच्या पदावरून पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. त्याचा आग्रह कशासाठी होता? पुत्र जर निर्मित असेल, तर त्याच्या ठायी आपल्याला देव भेटत नाही, देवाचा मुखत्यार भेटतो; आणि मुखत्याराने दिलेली क्षमा धनी उद्या नामंजूर करणार नाही याची शाश्वती काय? 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पवित्र आत्म्याविषयीही तोच निर्णय झाला. बाराव्या शतकात पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातील रिचर्डने या सिद्धान्ताचा आणखी एक पैलू उलगडून दाखविला. प्रीतीला दुसरा कोणीतरी लागतो, आणि परिपूर्ण प्रीती त्या दोघांपुरती बंदिस्त न राहता तिसऱ्याला सहभागी करून घेते. सृष्टी निर्माण होण्यापूर्वी देव जर एकाकी असता, तर प्रीती हा त्याने सृष्टीबरोबर मिळविलेला, म्हणून गमावताही येण्याजोगा, गुण ठरला असता. योहानाच्या पहिल्या पत्रात प्रीतीला देवाचे स्वरूपच मानले आहे, ते विधान त्रैक्यावाचून उभे राहत नाही.

तरी हा सिद्धान्त पचनी पडणे सोपे नाही, आणि महाराष्ट्रातील एका तेजस्वी स्त्रीने हे उघडपणे सांगितले आहे. पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांनी आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी जो पत्रव्यवहार केला, त्यात त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयीच्या आपल्या शंका त्यांनी निर्भीडपणे मांडल्या. एका देवावर त्यांची श्रद्धा अढळ होती. परंतु चर्चच्या अधिकारावर विसंबून एखादी गोष्ट मान्य करण्यास त्यांचे मन तयार नव्हते, आणि जे मानावयाचे ते आपल्या विवेकाने शास्त्रात शोधून मानावयाचे, असा त्यांचा निश्चय होता. जेराल्डीनबाईंना यात अहंकार दिसला, बीलबाईंना प्रामाणिक जिज्ञासा दिसली. 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी असे नमूद केले आहे की, इंग्लंडात त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु प्रत्यक्ष ख्रिस्त त्यांना पुढे सापडला. ज्या स्त्रीने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक भाषा अभ्यासून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले, तिची श्रद्धा त्या शंकांच्या परीक्षेतून गेली होती, ही मला त्या श्रद्धेच्या खरेपणाची मोठी खूण वाटते.

अखेरीस सर्वांत कठीण प्रश्नाकडे आले पाहिजे. देव अविकारी असेल तर त्याला दुःख होते काय? इंग्लंडच्या चर्चच्या 39 कलमांपैकी पहिले कलम देवाला शरीर, अवयव आणि विकार नाहीत असे सांगते. आणि दुसरीकडे, उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात मनुष्याला निर्माण केल्याचा देवाला खेद झाल्याचे म्हटले आहे. 1 शमुवेलाच्या 15 व्या अध्यायात तर शौलाला राजा केल्याचा देवाला पस्तावा झाला असे एका ठिकाणी, आणि देव मनुष्याप्रमाणे पस्तावणारा नाही असे काही ओळींनंतरच, सांगितले आहे. आणि संकलनकर्त्याला त्यात दुरुस्ती करण्याची गरज भासलेली नाही. अकराव्या शतकात अन्सेल्मने यावर असा तोडगा सुचविला की, देवाच्या दयेचा परिणाम आपल्याला जाणवतो, परंतु दयेने होणारी कालवाकालव देवाला जाणवत नाही. तर्काच्या दृष्टीने हे निर्दोष असेल. पण ज्याच्या घरात मृत्यू झाला आहे अशा माणसाला हे ऐकवून पाहावे.

विसाव्या शतकाच्या महायुद्धांनी हा प्रश्न ग्रंथालयातून रस्त्यावर आणला. नाझी तुरुंगात असलेल्या डीट्रिख बोनहोफर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने 1944 च्या जुलैमधील पत्रात, जो देव स्वतः सोसतो तोच साहाय्य करू शकतो, अशा आशयाचा विचार मांडला. पुढल्या एप्रिलात त्याला फाशी देण्यात आले. पराभवाने होरपळलेल्या जपानमध्ये काझो किटामोरी याने 1946 साली देवाच्या वेदनेचे धर्मशास्त्र या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तरुणपणी हाम्बुर्गवरील बाँबवर्षावातून वाचलेला आणि युद्धकैदी म्हणून ब्रिटिशांच्या छावणीत बायबल वाचू लागलेला युर्गन मोल्टमन याने 1972 च्या आपल्या ग्रंथात वधस्तंभावरील ख्रिस्ताला देवाच्या अंतरंगातील घटना मानले: पुत्र मरण सोसतो आणि पिता पुत्राचा वियोग सोसतो. जुन्या पक्षाचे म्हणणे असे की, दुःखाने हेलावणारा देव आपल्याबरोबर बुडेल, आपल्याला काढणार नाही. जो वेदनेने बदलतो तो वेदनेने कटूही होऊ शकतो. मला दोन्ही बाजूंचे गांभीर्य मान्य आहे, आणि माझा कल पाचव्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या सिरिलच्या उत्तराकडे आहे: जो सोसू शकत नाही त्यानेच सोसता येईल असे मनुष्यपण धारण केले, आणि त्या मनुष्यपणात जे सोसले गेले ते दुसऱ्या कोणाचे नसून त्याचेच सोसणे आहे. यात देवाचे अविकारित्व आणि त्याचे दुःख ही दोन्ही राहतात. ज्या प्रीतीला थकवा, उबग, वैताग यांचा विकार कधी होत नाही, अशी प्रीती वधस्तंभापर्यंत जाऊ शकते आणि तेथून परत फिरत नाही. तिच्या न बदलण्याचा हाच अर्थ आहे.

जुन्या करारातील ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट या संदर्भात फार वाचनीय आहे. सर्वस्व गमावून राखेत बसलेल्या ईयोबाला त्याचे तीन मित्र देवाचे गुण समजावून सांगतात: देव न्यायी आहे, ज्ञानी आहे, तो निरपराध्याला शिक्षा करीत नाही, सबब तुझ्या हातून अपराध घडलेलाच असला पाहिजे. त्यांच्या विधानांतील पुष्कळशी सुटी वाक्ये कोणत्याही प्रश्नोत्तरीत शोभतील अशी आहेत. ईयोब मात्र देवावरच फिर्याद मांडतो, त्याला न्यायासनासमोर येऊन कैफियत देण्याचे आव्हान करतो, आणि त्याच्या तोंडून पुष्कळ अविनयाचे बोल निघतात. शेवटी देव वावटळीतून बोलतो; तो ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण सांगत नाही. परंतु निवाडा देताना तो त्या तीन मित्रांना सुनावतो की, माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत, ईयोब बोलला. आणि त्यांच्यासाठी रदबदली करण्याचे काम तो ईयोबावर सोपवितो.